अम्माचा टूडी इको आहे मंगळवारी, आत नेमकं काय करतात?

घोंगडेवस्तीकर:
नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. आमची अम्मा (घरी तेलुगू बोलतो म्हणून अम्मा) ५६ वर्षांची आहे, विड्या वळते. दिवाळीपासून तिला दम लागतोय. आधी पत्र्याच्या जिन्यावरून वर कपडे वाळत घालायला गेली की लागायचा, आता कारखान्यात विड्या द्यायला जाताना मध्येच कुणाच्या तरी ओट्यावर बसावं लागतं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, तो ठीक आहे म्हणाले, पण मग छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत बसले आणि म्हणाले ठोक्याबरोबर एक बारीक जास्तीचा आवाज येतोय, टूडी इको करून घ्या. गड्ड्याच्या गर्दीत नको म्हणून यात्रा उरकल्यावर आता मंगळवारची वेळ घेतलीय.

तर झालंय असं की शेजारच्या अक्कानी तिला सांगितलं छातीला वायरी लावून करंट देतात, तेव्हापासून बाई नीट जेवत नाहीये. आणि दुसरं एक आहे जे ती मला बोलली नाही, माझ्या बायकोला बोलली, की तिथं पुरुष डॉक्टर असणार आणि ब्लाऊज काढायला लावतात का. त्यावरून ती "मला काही झालं नाही, जायचं नाही" वर आलीय.

उपाशी न्यायचं का? दुखतं का? किती वेळ लागतो? मला आत सोडतील का आणि सोडलं तरी मी जावं का? ज्यांनी करून घेतलाय त्यांनी सांगा, यूट्यूबवर बघितलं तर सगळं इंग्रजी आणि गोरे लोक.

हुरडापार्टी:
काय टेन्शन घेऊलालास बे एवढं. आमच्या अण्णांचा दोनदा झाला, एकदा ॲटॅक आल्यावर आणि नंतर सहा महिन्यांनी. पोटाची सोनोग्राफी असते ना तेच मशीन, फक्त छातीवर फिरवतात. करंट बिरंट काही नसतंय. तीन स्टिकर चिकटवतात छातीवर, त्याला वायरी असतात, अक्कानी तेच बघितलं असणार, पण त्या वायरी काही देत नाहीत, आपल्याच हृदयाचा ठोका स्क्रीनवर खाली रेघेत दाखवतात फक्त, कुठला ठोका चाललाय ते कळावं म्हणून. ईसीजी काढलाय ना अम्माचा? मग तेव्हा बसला का करंट? तसंच हे.

अण्णा सकाळी शेंगाची चटणी भाकरी खाऊन गेलते, कुणी काही म्हणलं नाही. अर्ध्या तासात बाहेर. वैताग एकच, जेल लई गार असतंय आणि त्यात एसी फुल. स्वेटर ने.

निवृत्त सिस्टर:
मी हृदयविकार विभागात बरीच वर्षं काढली, इकोच्या रूममध्ये हजारो बायका झोपवल्यात म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी अम्मांचा मुख्य प्रश्न, कारण बाकी सगळं त्यापुढे किरकोळ आहे आणि बायका निम्म्या वेळा या एका गोष्टीपायी तपासणी टाळतात. हो, ब्लाऊज आणि आतला कपडा काढावा लागतो, कारण यंत्राचा दांडा, आम्ही प्रोब म्हणतो, थेट कातडीला लागावा लागतो, डाव्या स्तनाच्या खाली आणि छातीच्या मधल्या हाडाच्या डाव्या कडेला. पण उघडं पडून राहायचं नसतं. पुढून उघडणारा गाऊन देतात, नाही दिला तर साडीचा पदर किंवा चादर अंगावर घ्यायची आणि लागेल तेवढीच जागा मोकळी करायची. पुढून हुकचा ब्लाऊज घालून न्या, मागून हुकवाला नको, गोल गळ्याचा ड्रेस तर नकोच. घरातली एखादी धुतलेली सोलापुरी चादर पिशवीत टाका, खरंच सांगते, तिथली चादर कधी असते कधी धुवायला गेलेली असते, आणि आपली चादर अंगावर असली की बाईला धीर येतो.

आत तुम्ही जाऊ नका, सुनेला पाठवा. वेळ घेतानाच फोनवर विचारायचं, लेडी डॉक्टर आहेत का, नसतील तर तपासताना सिस्टर किंवा मावशी रूममध्ये थांबेल का. हा हट्ट नाही, हा नेहमीचा रिवाज आहे, पुरुष डॉक्टर असतील तर बाई सोबत हवीच आणि ती नसेल तर मागायची, लाजायचं नाही.

आता आत काय होतं ते. डाव्या कुशीवर झोपवतात, डावा हात डोक्याखाली. या कुशीवर हृदय छातीच्या भिंतीजवळ सरकतं आणि चित्र चांगलं येतं. मग जेल लावून प्रोब बरगड्यांच्या फटीत ठेवतात आणि दाबतात. दाबतात म्हणजे दाबतातच, बारीक अंगाच्या बाईला बरगडीवर टोचल्यासारखं होतं, सहन होण्यासारखं असतं पण जास्त दुखलं तर बोलायचं. मध्ये मध्ये "श्वास सोडा, धरा, आता घ्या" सांगतात. नंतर उताणं करून गुडघे वाकवायला लावतात आणि पोटाच्या वरच्या खड्ड्यातून बघतात, मग उशी काढून मान मागे करून गळ्याखालच्या खळगीतून. ते शेवटचं बायकांना गुदमरल्यासारखं वाटतं, मिनिटभराचं काम असतं. सगळं मिळून वीस मिनिटं ते अर्धा तास, काही शंका आली तर पाऊण तास. सुई नाही, एक्सरेसारखी किरणं नाहीत.

उपाशी न्यायची गरज नाही. रोजच्या गोळ्या चालू असतील तर घ्यायच्या, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असलं तरच बंद. गळ्यातलं काढून सुनेच्या हातात द्यायचं, ते मध्ये येतं म्हणून, चुंबक वगैरे काही नसतं. मंगळसूत्र काढायचं नसेल तर मागे पाठीवर टाकलं तरी चालतं, बऱ्याच जणी तेच करतात. जुना ईसीजी आणि डॉक्टरांची चिठ्ठी न विसरता.

आणि एक राहिलंच, सगळ्यात महत्त्वाचं. बघणारा माणूस गप्प असतो. स्क्रीनकडे बघत बटणं दाबत राहतो, एकाच जागी प्रोब धरून चार चार मिनिटं थांबतो, कधी कपाळाला आठ्या. पेशंटला वाटतं काहीतरी भयंकर दिसलं. तो फक्त मोजमाप करत असतो हो. भिंत किती मिलिमीटर, कप्पा केवढा, झडपेतून रक्त किती वेगानं जातंय. माझ्यासमोर एक आजी रडायला लागली होती, तिचं हृदय एकदम छान होतं, आमचे सर मुळातच कमी बोलणारे.

एमआयडीसी क्यूसी:
मेडिकलचं मला कळत नाही पण मशीनचं कळतं. मी चिंचोळीला कास्टिंगच्या कंपनीत क्वालिटीला आहे. आमच्याकडे जॉबच्या, म्हणजे ओतून केलेल्या लोखंडी भागाच्या, आत तडा आहे की पोकळी आहे ते बघायला अल्ट्रासॉनिक टेस्टिंग करतात, प्रोब लावायचा, आवाज आत सोडायचा, तो आतून आदळून परत येतो त्यावरून कळतं कुठं काय आहे. आणि आम्ही पण आधी जॉबला ग्रीस चोपडतो, कारण प्रोब आणि लोखंडाच्या मध्ये केसाएवढी हवा राहिली तरी आवाज आत जातच नाही. जेलचं कारण तेच. फक्त तो आवाज आपल्याला ऐकू येत नाही, माणसाच्या कानाची हद्द २० हजार हर्ट्झ आणि हे काही दशलक्ष हर्ट्झमध्ये.

गंमत म्हणजे हृदयाच्या इकोचा जन्मच असा झालाय. १९५३ साली स्वीडनमध्ये लुंडला एडलर नावाचे डॉक्टर आणि हर्ट्झ नावाचे फिजिक्सवाले यांनी जहाजाच्या कारखान्यातलं धातू तपासायचं असंच मशीन आधी वापरून बघितलं आणि मग हृदयावर लावलं. मी हे ट्रेनिंगमध्ये ऐकलं तेव्हापासून ग्राइंडरवाल्या पोरांना सांगतो की आपण पण डॉक्टरच आहोत, लोखंडाचे.

अम्मांना सांगा, हाक मारली की विहिरीतून आवाज परत येतो ना, तेवढंच आहे.

नवी पेठेतली:
सिस्टरनी लिहिलंय ते अगदी बरोबर पण सगळीकडे तसं होत नाही हे पण सांगते. माझा दोन वर्षांपूर्वी झाला, हॉस्पिटलचं नाव घेत नाही, चकाचक आहे, खाली कॉफीचं मशीन पण आहे. पडदा अर्धाच ओढलेला, आणि मी कुशीवर असताना एक वॉर्डबॉय फाइल घेऊन सरळ आत आला आणि डॉक्टरांशी बोलत उभा राहिला. मी काही बोलले नाही याचाच मला आजपर्यंत राग येतो. तर सूनबाईंना सांगा की पडदा पूर्ण ओढून घ्यायचा आणि स्वतः पडद्यापाशी उभं राहायचं, कुणी आलं की "थांबा" म्हणायचं. आणि झाल्यावर जेल पुसायला तिथं एवढासा टिश्यू देतात, त्यानं काही होत नाही, घरून एक जुना पंचा न्या. नाहीतर ब्लाऊज चिकट होतो आणि रिक्षात बसल्यावर गार वारं लागतं.

कडक भाकरी:
इको करा आणि मोकळे व्हा. इको नॉर्मल आला म्हणजे हार्ट नॉर्मल, नंतर कुणी अँजिओग्राफी सांगितली तर सरळ उठून घरी यायचं, सगळा धंदा आहे.

जुळे सोलापूरकर:
भाऊ असं लिहू नका, कुणीतरी खरं मानेल. माझ्या मामांचं सांगतो. छातीत भरून यायचं, चालताना, थांबलं की बरं वाटायचं. इको केला, नॉर्मल. मामा खूश, पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. दीड महिन्यात ॲटॅक, दोन नळ्या बंद निघाल्या. नंतर डॉक्टरांनी समजावलं ते असं, की इको म्हणजे पंप बघणं. भिंती नीट आकसतात का, झडपा नीट उघडझाप करतात का, बाजूला पाणी साठलंय का. पण पंपाला रक्त पुरवणाऱ्या ज्या बारीक नळ्या आहेत त्यातला ब्लॉक साध्या इकोत दिसत नाही. माणूस आडवा, शांत पडलेला असतो, तेवढं रक्त अरुंद नळीतूनही पुरतं, मग भिंत छान हलते आणि रिपोर्ट छान येतो. धाप चालताना लागते आणि तपासणी झोपवून, कसं दिसणार? म्हणून मग ट्रेडमिलवर पळवून लगेच इको करतात, स्ट्रेस इको, किंवा अँजिओग्राफी.

धंदा कुठं चालत नाही असं मी म्हणत नाही, सोलापुरात काय आणि पुण्यात काय. शंका आली तर दुसऱ्या डॉक्टरला रिपोर्ट दाखवा. पण इको नॉर्मल म्हणून दुखणं अंगावर काढू नका.

मोहोळची एसटी:
इथे आणखी एक सांगून ठेवते कारण नावात इको असलेल्या दोन तपासण्या आहेत आणि लोकांची गल्लत होते. माझा गळ्यातून झाला होता, टीईई म्हणतात. लहानपणी घसा दुखून ताप यायचा, सांधे सुजायचे, घरच्यांनी काढे दिले, त्यातून झडप खराब झाली, ते तिशीत कळलं. अजून दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घेते. फुगा घालून झडप मोकळी करायच्या आधी डाव्या कप्प्याच्या कोपऱ्यात गुठळी तर नाही ना हे बघायला तो गळ्यातला इको केला. अन्ननलिका हृदयाच्या अगदी मागून जाते म्हणून तिथून जवळून दिसतं.

त्याला मात्र सहा तास उपाशी, पाणी पण नाही. कवळी असेल तर काढायची. घशात कडू फवारा मारतात, जीभ पुठ्ठ्यासारखी होते, मग तोंडात चावायला एक रिंग आणि बोटाएवढी नळी गिळायची. झोपेचं इंजेक्शन थोडं देतात. मला उलटीसारखं दोनदा झालं, मग नाही. नंतर घशाचा बधिरपणा जाईपर्यंत चहा प्यायचा नाही, ठसका लागतो, आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही, सोबत माणूस लागतंच.

अम्मांना हे नाहीये, चिठ्ठीवर नुसतं टूडी इको आहे. पण अक्का उद्या नळीची गोष्ट पण सांगतील म्हणून आधीच लिहिलं.

निवृत्त सिस्टर:
मोहोळच्या ताईंनी चांगलं आठवण करून दिलं. आणि घोंगडेवस्तीकर, रिपोर्ट हातात आला की गुगल करत बसू नका म्हणून दोन शब्द. ईएफ असं लिहिलेलं असेल आणि पुढे ६० टक्के. लोक तिथेच खाली बसतात, "हृदय साठच टक्के चालतंय हो". अहो ते पेपरातले मार्क नाहीत. डावा कप्पा भरल्यावर एका ठोक्यात त्यातलं किती रक्त बाहेर फेकतो ते, आणि निरोगी माणसाचं सुद्धा साधारण ५५ ते ७०च असतं, शंभर कुणाचंच नसतं. तसंच एखाद्या झडपेपुढे "ट्रिव्हियल", म्हणजे अगदी किरकोळ, गळती लिहिलेली असते, ती धडधाकट लोकांत पण सापडते. वय झालं, बीपी असलं की "ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन" लिहून येतं, म्हणजे भिंत थोडी ताठरलीय, सैल पडायला वेळ घेते. एकटा शब्द घेऊन घाबरायचं नाही, ज्यांनी चिठ्ठी दिली त्यांच्याकडेच रिपोर्ट न्यायचा.

आणि स्क्रीनवर लाल निळं दिसेल, लाल म्हणजे शुद्ध रक्त आणि निळं अशुद्ध असं शाळेतलं लावू नका. लाल म्हणजे प्रोबकडे येणारं, निळं म्हणजे लांब जाणारं, बस.

घोंगडेवस्तीकर:
सगळ्यांचे लई आभार. झाला काल. उशीर झाला लिहायला.

बायकोनी सगळं ठरवल्याप्रमाणे केलं, चादर, पंचा, पुढून हुकचा ब्लाऊज. फोनवर विचारलं होतं, लेडी डॉक्टर नव्हत्या पण सिस्टर थांबल्या. सर वयस्कर होते, त्यांनी आधी "माई, गार लागेल हं" म्हणून सांगितलं आणि तेवढ्यावर अम्मा निम्मी शांत झाली म्हणे. मध्ये त्यांनी आवाज चालू केला, ते भसाक भसाक येतं ना रक्ताचं, तर अम्मा एकदम म्हणाली हे आत माग कोण चालवतंय. आमच्या तात्यांचा घरात कापड विणायचा माग होता, मी लहान असेपर्यंत, त्या आवाजातच आम्ही झोपायचो. सरांना ते एवढं आवडलं की त्यांनी अजून जरा वेळ ऐकू दिलं. बायको म्हणते अम्मा डोळे मिटून पडली होती, झोप लागल्यासारखी.

रिपोर्ट: ईएफ ६२, झडपा ठीक, एका ठिकाणी ट्रिव्हियल लिहिलंय (सिस्टर तुम्ही सांगितलं नसतं तर मी तिथेच आडवा होतो), भिंती नीट हलतात. मग म्हणलं सर दम कशाचा? त्यांनी अम्माचे डोळे खाली ओढून बघितले, नखं बघितली आणि रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन ७.४. म्हणाले रक्त पातळ आणि कमी असलं की हृदयाला जोरात फेकावं लागतं, तो जास्तीचा आवाज त्याचाच असणार. लोहाच्या गोळ्या चालू केल्यात.

हुरडापार्टी:
माग कोण चालवतंय 😂 अम्मा एक नंबर. अक्काला सांग आता करंटचं.

निवृत्त सिस्टर:
वाचून बरं वाटलं. पण इथे थांबू नका हं. ५६ व्या वर्षी, पाळी बंद झाल्यावर एवढं रक्त कमी होतं म्हणजे कुठेतरी जातंय किंवा अंगी लागत नाहीये. मूळव्याध, आतड्यातून रक्त जाणं, जंत, गुडघेदुखीच्या गोळ्या मनानं घेतात का, हे सगळं डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि तपासून घ्या. गोळ्यांनी संडास काळी होईल, घाबरू नका, पण गोळ्या सुरू करायच्या आधीपासूनच काळी होत असेल तर ते आवर्जून सांगायचं. छातीत दुखलं, चक्कर आली, बसल्या जागी धाप लागली तर लगेच न्यायचं. आणि गोळी चहाबरोबर देऊ नका, चहानं लोह अंगात जात नाही, तासभर तरी अंतर ठेवा. लिंबूपाणी चालतं.

घोंगडेवस्तीकर:
सिस्टर, गुडघ्याची गोळी मेडिकलमधून रोज एक आणते, वर्ष झालं. दिवसभर मांडी घालून विड्या वळायचं सूप घेऊन बसते ना. आम्हाला वाटलं साधी गोळी. उद्याच सांगतो डॉक्टरांना.

आणि लोहाची गोळी चहाबरोबरच घेत होती.